बोर्डावर नाव लागतं तेव्हा

आमच्या दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीला लागून एक काचेचा बोर्ड आहे. वर कन्नडात मथळा: ‘सिब्बंदी सुद्दी’. सुद्दी म्हणजे बातमी आणि सिब्बंदी म्हणजे स्टाफ. रुजू झाले तेव्हा हा शब्द मला अगदी परका वाटला होता. मग एकदा डोक्यात प्रकाश पडला, ही तर आपली गडावरची शिबंदी! रात्रपाळीला पहाटे चारच्या सुमारास तीस खाटांच्या वॉर्डात दोघीच जाग्या असतो, तेव्हा तो शब्द चपखल बसतो.

कोण पोस्ट बेसिक (नर्सिंग डिप्लोमानंतरची बीएस्सी) पास झालं, कोणाचं ट्रेनिंग झालं, कोण निवृत्त झालं, कोणाला नर्सेस डेला बक्षीस मिळालं, असा सगळा मजकूर गेली चार वर्षं मी लिहिते. नवी मुलं-मुली पहिल्या आठवड्यात त्या बोर्डापुढं हमखास थांबतात आणि चहाच्या वेळी हळूच विचारतात, “सिस्टर, इथं नाव लागायला काय करावं लागतंय?” प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. सध्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. आमच्याकडं खानापूरच्या जंगलपट्ट्यातून पेशंट येतात, हुक्केरी-गोकाककडून येतात, आणि हद्द ओलांडून चंदगडहूनही येतात. त्यामुळं खिडकीवर पहिला प्रश्न ‘काय होतंय’ हा नसतोच. ‘रेशन कार्ड कुठल्या राज्याचं’ हा असतो. कुठल्या योजनेत बसतं, कुठल्या नाही, ते आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनांचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारायचं. आपण अंदाजानं काही सांगायचं नाही. नातेवाईक तुमच्या शब्दावर विसंबून पैशाची जुळवाजुळव थांबवतात आणि मग दोघांचीही फजिती होते.

आता कागदांचं. बोर्डाच्या आधी नाव लागतं ते नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात. इथं शिकलेल्यांची नोंदणी बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडं होते. आमच्या कितीतरी मुली लग्न होऊन कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगलीकडं जातात आणि तिथं गेल्यावर कळतं की महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी पाहिजे, त्यासाठी आधी इथल्या कौन्सिलची एनओसी पाहिजे. साखरपुडा ठरला की हॉलच्या आधी एनओसीचा अर्ज करा, असं मी सरळ सांगते. हसतात. हसू देत.

दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव जसं छापलंय तसंच पुढं सगळीकडं लिहा, अगदी काना-मात्रेसकट. माझ्या मार्क्स कार्डावर वडिलांचं नाव ‘परशराम’ आणि आधार कार्डावर ‘परशुराम’. त्या एका उकारापायी दोन अ‍ॅफिडेव्हिट झाली, वर बेंगळुरूची एक खेप. आणि ओरिजनल सर्टिफिकेट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. माझ्या पहिल्या नोकरीत, ते ठिकाण कुठलं ते जाऊ दे, बाँडच्या, म्हणजे मधेच नोकरी न सोडण्याच्या कराराच्या, नावाखाली सात महिने ठेवून घेतली होती. तेवढ्यात पोस्ट बेसिकचे फॉर्म निघून गेले. वर्ष वाया गेलं ते गेलंच. झेरॉक्स द्यायची, ओरिजनल दाखवून परत पिशवीत घालायची.

शिकत राहण्याचीही मोजदाद असते. नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांचं सीएनई, म्हणजे नोकरी करता करता घेतलेलं शिक्षण, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलनं ठरवून दिलंय. शेवटच्या महिन्यात १५० तास कुठून आणणार? म्हणून दवाखान्यात अर्ध्या दिवसाचा जरी क्लास झाला तरी सर्टिफिकेट मागून घ्यायचं आणि त्याच दिवशी फाइलला लावायचं. बीएलएसचं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांच्या ट्रेनिंगचं, कार्ड २ वर्षांचं असतं. मुदत उलटली की मुलाखतीत ते दाखवणं न दाखवण्यासारखंच. जीएनएमवाल्यांना २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, आणि जमत असेल तर ते लग्नाच्या, लेकराबाळांच्या आधी उरकावं. हे माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या.

बोर्डावर ज्याची बातमी कधीच येत नाही, पण ज्याच्यावाचून इथं निभाव लागत नाही, ते म्हणजे भाषा. दहावीपर्यंत कन्नड विषय होता, पासही झाले होते. वॉर्डात आले आणि त्यातलं निम्मं कन्नड कामाचं नाही असं दिसलं. पुस्तकात दुखण्याला ‘नोवु’. गोकाककडची म्हातारी म्हणते ‘ब्यानी’. होट्टी ब्यानी, म्हणजे पोटात दुखतंय. हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, वॉर्डात वरकाम करणाऱ्या मावशींकडून येतात. पहिल्या महिन्यात त्यांच्याशेजारी बसून जेवा.

माझी फजिती ‘उरी’नं केली. सकाळपाळी होती, दुपारी साडेबाराला एक आजी अ‍ॅडमिट झाल्या. “उरी बंदावु री, सिस्टर,” असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. उरी म्हणजे जळजळ, एवढं मला ठाऊक होतं. मी नोट्समध्ये अंगाची जळजळ लिहिलं, डॉक्टरांनाही तेच सांगितलं, आणि दोन वाजता पुढच्या पाळीला ओव्हर देऊन मोकळी होणार, तोवर दुपारपाळीच्या इनचार्ज सिस्टरनी सवयीनं आजींच्या कपाळाला हात लावला. थर्मामीटर काढला. १०३. इकडच्या बोलीत ‘उरी बंदावु’ म्हणजे ताप आलाय. सिस्टर मोठ्यानं काही बोलल्या नाहीत. थर्मामीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सगळ्या वॉर्डाचं टीपीआर परत घे, मग घरी जा.” टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास. साडेतीन वाजले निघायला. हा किस्सा मी बरीच वर्षं भाषेची गंमत म्हणून सांगत आले. पण त्या दिवशी मी आजींचा ताप मोजलाच नव्हता. चार्टवर शेजारच्या कॉटसारखाच नॉर्मल आकडा टाकून दिला होता. शब्द कळला नसता तरी पारा कळला असता.

शब्दांच्याही आधी आकडे पाठ करा. मूरु म्हणजे ३, आरु म्हणजे ६, नूरु म्हणजे १००. कागदावर वेगळे दिसतात. रात्री फोनवर, पलीकडं गाडीचा आवाज असताना, तिन्ही एकच. म्हणून फोनवरची ऑर्डर लगेच आकड्यात लिहायची, लिहिलेलं डॉक्टरांना परत वाचून दाखवायचं, औषधाचं नाव अक्षर-अक्षर सांगायचं आणि ते आले की सही घ्यायची. सही मागायला नव्या मुली लाजतात. लाजायचं नाही.

घोटाळा मराठीचाही होतो, बरं का. आमच्याकडं मुलीही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, ‘मी इंजेक्शन दिलो’ हेही सर्रास. पुण्याकडून आलेले एक डॉक्टर पहिल्या आठवड्यात “इंजेक्शन कोणी दिलं?” विचारत आले, सिस्टर म्हणाली “मी दिलो”, आणि हे आपले ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, शोधत वॉर्डभर फिरले.

आता त्या बोर्डावरच्या माझ्या सगळ्यात आवडत्या बातमीबद्दल. जून-जुलैत खानापूरकडं भाताची लावण सुरू झाली की कॅज्युअल्टीत साप चावलेले येऊ लागतात. दवाखान्यात नवे असाल तर हे काम बघायची संधी सोडू नका. कोणता साप, हे पेशंटला बहुतेक वेळा सांगता येत नाही. अशा वेळी खाटेशेजारीच एक साधी तपासणी होते: शिरेतलं २ मिलि रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. अगदी नाही. नळी स्टँडला लावून घड्याळ बघत उभं राहायचं. बरोबर २० मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. गुठळी झाली असेल तर रक्त जागचं हलत नाही. पाण्यासारखं ओघळलं, तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद गेलीय असं समजायचं. घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता. मग अँटीव्हेनमची, म्हणजे विषावरच्या औषधाची, धावपळ. पावडरची व्हायल (औषधाची छोटी बाटली) असेल तर पाणी घालून हळूहळू फिरवून विरघळवायची. घाईघाईनं खळखळ हलवली की फेस होतो, आणि तिथं सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल लागत असतात. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन आधीच काढून ठेवायचं. साप नाग, मण्यारसारखा असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि तरी पेशंट धोक्यात असतो. तिथं पापण्या जड होतायत का, मान धरवते का, श्वास कसा चाललाय, हे बघत बसावं लागतं. नळीत गुठळी दिसली म्हणून पाठ फिरवायची नाही.

या सगळ्यात ती नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर? काचेला साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तही गोठत नाही. मग साप बिनविषारी असला तरी तपासणी घाबरवते आणि माणसाला नको ते औषध चढतं. म्हणून नळी शक्यतो नवी, कोरडीच पाहिजे. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या लॅबमधल्या मावशींनी शिकवलं. त्यांनी या नळ्यांचा वेगळा डबा केलाय, वर चिकटपट्टीवर सापाचं चित्र काढलंय. त्या डब्यातली नळी दुसऱ्या कशाला वापरली तर त्या डॉक्टरांनाही सोडत नाहीत. एकदा रात्री मीच घाईत लॅबच्या मोरीवरची धुतलेली नळी उचलली होती. मावशींनी ती माझ्या हातातून काढून घेतली, डब्यातली दिली आणि आपल्या कामाला लागल्या.

बोर्डाची गंमत अशी की त्यावर फोटो असलेल्याच बातम्या लागतात. सर्टिफिकेट घेताना, केक कापताना, पुष्पगुच्छ घेताना. १२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, त्या दिवशी तर रांगोळी स्पर्धेचेच सहा फोटो. त्यात वाईट काही नाही. मलाही एकदा दुसरा नंबर मिळाला होता आणि तो फोटो आईनं घरी फ्रेम करून लावलाय. पण डब्यावर साप काढण्याचा फोटो कोण काढणार? मी हे काम हाती घेतल्यावर ठरवलं, प्रत्येक पाळीच्या ओव्हरला विचारायचं, “आज कोणी काय बरं केलं?” सुरुवातीला सगळे गप्प. मग हळूहळू येऊ लागलं. एका ब्रदरनं क्रॅश कार्टमधलं (इमर्जन्सी औषधांच्या गाडीतलं) मुदत उलटायला आलेलं औषध वेळेत बदललं. एका स्टुडंटनं ड्रिपचा वेग चुकलेला पकडला. अशा ओळी छोट्या अक्षरात, फोटोशिवाय लावते. वाचणारे वाचतात.

म्हणून नवीन मुला-मुलींनो, खिशात एक छोटी वही ठेवा. पेशंटचं नाव लिहायचं नाही. तारीख, काय केलं, काय चुकलं, कोणाकडून शिकलो, एवढंच. प्रमोशनच्या मुलाखतीत “तुम्ही काय काम केलंय?” विचारल्यावर दहा वर्षांच्या सिस्टर अडखळतात, हे मी समोर बसून पाहिलंय. सर्टिफिकेटांची फाइल त्यांच्याकडं असते, सांगायला प्रसंग नसतो. एनएबीएचची, म्हणजे दवाखान्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी होते तेव्हाही तेच. तपासणीस नर्सिंग स्टेशनवरची सुंदर रजिस्टरं चाळतात आणि मग वळून कचरा नेणाऱ्या मावशींना विचारतात, “पिवळ्या पिशवीत काय टाकता? लाल पिशवीत काय?” मावशींनी उत्तर दिलं तर सगळा वॉर्ड पास.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी लॅबच्या मावशींची बातमी लावली. तीन भाषांत, चार ओळी, आणि या वेळी फोटोसुद्धा, सापाच्या चित्राच्या डब्यासकट. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दुपारी हात धरून बोर्डापुढं नेलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. खिडकीवरच्या रांगेतले चार लोक वळून बघायला लागले. मावशींनी पदर डोक्यावर घेतला, फोटोकडं जवळून बघितलं.

“बरं झालं गे,” त्या म्हणाल्या. “पर त्या डब्यातल्या नळ्या पाचच उरल्यात. स्टोअरला चिठ्ठी लिव आधी.”