परगावाहून आलेल्या आजीचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

ठाणे-नवी मुंबईतल्या नव्वदीच्या आसपासच्या बहुतेक आज्या मूळच्या इथल्या नव्हेत. कुणी देवगड-मालवणकडून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि गिरणगावातून ठाण्याला आली. कुणी फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आली, तर कुणी बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यामागून मराठवाडा सोडला. ज्या इथल्याच आगरी-कोळी गावांतल्या, त्यांनाही स्थलांतर चुकलं नाही; नवी मुंबई विमानतळासाठी कोंबडभुजे, तरघर, वाघिवलीच्या लोकांना घरं सोडावीच लागली.

अशा आजीचं आयुष्य लिहायला बसलं की घोडं अडतं ते सालांवर. "लग्न कधी झालं?" या प्रश्नाला "झालं तेव्हा झालं" असं उत्तर येतं आणि विचारणाऱ्याचा हुरूप जातो. म्हणून सालं बाजूला ठेवा आणि घरांपासून सुरुवात करा.

पहिली बैठक: फक्त घरं

दोनशेपानी वही घ्या. आजी एका पावसाळ्यापेक्षा जास्त दिवस जिथे जिथे राहिली त्या प्रत्येक घराला एक पान द्या: माहेर, आजोळ, सासर, चुलतदिरांकडची खोली, चाळ, भाड्याची जागा, सिडकोचं घर. प्रत्येक पानावर पाच गोष्टी हव्यात. रात्री तिथे कोण कोण झोपायचं, पाणी कुठून यायचं, चूल कुणाच्या हातात होती, भाडं किंवा पागडी किती, आणि ती जागा का सोडली. पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण सोडण्याच्या कारणातच भाऊबंदकी, आजारपण, बंद पडलेली गिरणी हे सगळं दडलेलं असतं.

"तुझं बालपण कसं होतं?" असं विचारलंत तर "कसं असणार, गरिबी होती" एवढ्यावर विषय संपतो. त्याऐवजी विचारा, "दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काय होतं?" मग पडवी, माजघर, मोरी, भाताची कणगी असं एकेक निघू लागतं. ती सांगत असताना चौकटीच्या कागदावर नकाशा काढा आणि तिला दाखवा. तुमचा नकाशा चुकलेला असणारच. तो दुरुस्त करताना आजी जे बोलते ते थेट प्रश्न विचारून कधीच मिळत नाही: "न्हाणी तिथं कशी असंल? तिथं तर म्हस बांधायचे!"

ध्वनिमुद्रण

दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या सुमाराला बसा. संध्याकाळी मालिका असतात, आणि तेव्हा आजीचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. एका वेळी पाऊण तास पुरे. घरात इतर कुणी नसलं तर उत्तम, विशेषतः मुलगे. मुलगा समोर असला की बाई सासरबद्दल वेगळं बोलते.

साधा मोबाइल चालतो. तो विमान-मोडवर टाका, नाहीतर फोन आला की मुद्रण मध्येच थांबतं. टेबलावर घडी केलेल्या नॅपकिनवर, आजीच्या तोंडापासून वीतभर ते दीड वीत अंतरावर ठेवा. नॅपकिन नसेल तर टेबलावरच्या प्रत्येक बांगडीचा खणखणाट आत येतो. पंखा बंद करा, उकडत असेल तर सर्वांत कमी वेगावर ठेवा. रेल्वेलगतच्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या घरात आतली खोली निवडा. कपडे भरलेलं कपाट आणि गादी असलेली खोली दिवाणखान्यापेक्षा बरी, कारण तिथे आवाज घुमत नाही. कवळी असेल तर घालायला सांगा. कानाला यंत्र असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा.

वेव्ह (WAV) स्वरूपातलं एकपदरी (मोनो) ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण ५ एमबी जागा खातं, म्हणजे तासाला ३०० एमबीच्या वर. आधी जागा बघून घ्या आणि दोन मिनिटं मुद्रण करून ऐका. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख घाला, म्हणजे फायली आपोआप ओळीने लागतात. त्याच दिवशी ऐकून कितव्या मिनिटाला काय आलं याची अर्ध्या पानाची टिपणी करा. हे राहिलं तर पुढे वीस तासांच्या ढिगात एक नाव शोधताना हात टेकाल.

सालं बसवायची कशी

घरांची यादी झाली की सालांकडे वळा, तेही आडवाटेने. आजीच्या मुलखातली मोठी घटना घ्यायची आणि विचारायचं, "तेव्हा कुठल्या घरात होतीस? कडेवर कोण होतं?"

कोकणातल्या आजीला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली ते विचारा: १७ जुलै १९४७. पुण्याकडची असेल तर पानशेत धरण फुटलं ते, १२ जुलै १९६१. सातारा-चिपळूण पट्ट्यात कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८, आणि नंतर बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी म्हटलं की तो लगेच आठवतो. गिरणगावात दत्ता सामंतांचा संप, १८ जानेवारी १९८२. उरण-पनवेलकडे सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर झालेला जासईचा गोळीबार, जानेवारी १९८४. इथल्या वास्तव्यासाठी वाशीचा पहिला खाडीपूल, १९७३. वाशीला पहिली लोकल, मे १९९२. आणि २६ जुलै २००५चा महापूर. पैशांचा उल्लेख आला तर हिशेब आण्यांत आहे की नव्या पैशांत ते बघा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले.

कडेवरच्या मुलाचा प्रश्न सोडू नका. "पानशेतच्या वेळी मधला रांगत होता" हे वाक्य कुठल्याही दाखल्याइतकं कामाचं, कारण रांगणारं मूल आठ-दहा महिन्यांचं असतं. दोन घटना एकमेकींत मिसळण्याची चूक हमखास होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत दिवे मालवले होते, त्यामुळे "लढाईच्या वेळी" एवढ्यावर समाधान मानू नका.

तिथी सांगितली तर ती जशीच्या तशी लिहा आणि तारीख नंतर काढा. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. धोंड्याचा महिना तपासा. १९४७ साली श्रावण अधिक होता. तो जुलैच्या मध्यावर लागला आणि निज श्रावण ऑगस्टच्या मध्यावर. म्हणजे "त्या साली श्रावणात" हे सांगणं महिनाभराने चुकवू शकतं. आजी उत्तरेकडची असेल तर तिचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिचा भाद्रपद वद्य म्हणजे आपला श्रावण वद्य.

माळ्यावरची भांडी

कागदांआधी माळा उतरवा. आपल्याकडे लग्नात-मुंजीत दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, आणि पितळी घागर किंवा तांब्या म्हणजे अनेकदा घरातली सर्वांत जुनी लिखित नोंद असते. देणाऱ्याचं नाव, घेणाराचं नाव, प्रसंग, तारीख, कधीकधी गावही. अक्षरं बहुधा काठाखाली किंवा बुडावर असतात.

भांडं आधी घासू नका. चिंच किंवा पावडर लावून खसखसून घासलं की उथळ अक्षरं आणखी झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलची विजेरी भांड्याला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा. समोरून प्रकाश टाकला तर सगळं चकाकतं आणि काही दिसत नाही. आडव्या उजेडात प्रत्येक खाचेला सावली पडते. विजेरी चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढा. हाताने ठोकलेली अक्षरं तुटक, खोल आणि वेडीवाकडी असतात, तर यंत्राने घातलेली बारीक ठिपक्यांची आणि सारख्या उंचीची. नाव ओळखीचं नसेल तर ते भांडं मोडीत घेतलेलं असेल असं लगेच ठरवू नका. आजीला वाचून दाखवा. बऱ्याचदा ते तिच्याच मामाचं नाव निघतं.

कागदपत्रं

आधार किंवा शिधापत्रिकेवरची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असेल तर ती खरी धरू नका. १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली तारीख असते.

जुन्या जन्मनोंदी गाव नमुना १४मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात आणि त्याची नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, नोंदीत मुलीचं नाव नसतं, नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव असतं. तेव्हा शोध बापाच्या नावाने घ्या. दोन, बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळे आजीचा जन्म तिच्या बापाच्या गावी न सापडता तिच्या आजोळी सापडतो. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील. वाचणारा शोधावा लागेल.

शाळेत गेली असेल तर माहेरच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर बघा. बापाच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार आणि भावांच्या नावे केलेलं हक्कसोडपत्र हे दोन कागद हमखास विसरले जातात, आणि त्यांत तिचं लग्नानंतरचं नाव माहेरच्या नावांच्या ओळीत बसलेलं असतं. प्रकल्पग्रस्त घरांत भूसंपादनाचा निवाडा आणि साडेबारा टक्के योजनेचे (संपादित जमिनीपोटी विकसित भूखंड मिळाल्याचे) कागद बघा.

नावांचा गुंता

लग्नात नाव बदललं की बाईचा कागदोपत्री माग तुटतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाकेचं नाव, कागदावरचं नाव असे चार रकाने आखा आणि घरातल्या प्रत्येक बाईसाठी ते भरा.

या कामात मेनोनाइट लोकांचा हात धरणारे कमीच. सोळाव्या शतकात युरोपात उभा राहिलेला, शस्त्र न धरणारा हा ख्रिस्ती पंथ. नेदरलँड्समधून ते विस्तुला नदीच्या मुखाकडे गेले, तिथून १७८९पासून आजच्या युक्रेनमध्ये, १८७४पासून कॅन्सस आणि मॅनिटोबात. रशियन क्रांतीनंतर १९२३ ते १९३० या काळात सुमारे वीस हजार जण कॅनडात उतरले. त्यांच्यात आडनावं मोजकी आणि पहिली नावंही तीच ती, त्यामुळे कॅथरिना वीब नावाच्या बायका ढिगाने सापडतात. उपाय म्हणून त्यांच्या वंशावळीच्या सामायिक नोंदसंग्रहात प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक असतो. संग्रहाचं नावही जुळवून 'ग्रँडमा' ठेवलंय! आपल्या कुळांत तीन पिढ्यांत चार लक्ष्मीबाई निघतात, तेव्हा ही युक्ती सरळ उचलावी. आजी १, तिची आई २, सासू ३ असे क्रमांक द्या आणि वहीत नावापुढे क्रमांक लिहा.

तारखांचा घोळ त्यांच्याकडेही आहे. रशियात १९१८पर्यंत जुनी दिनदर्शिका होती, म्हणून १९००नंतर तिथे जन्मलेल्या आजीची तारीख आपल्या कॅलेंडरपेक्षा तेरा दिवस मागे दिसते. बाप्तिस्मा मोठेपणी होत असल्याने बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्मसालही धरता येत नाही. म्हणून नोंदीत दोन्ही तारखा ठेवतात. तुम्हीही तिथी खोडून तारीख लिहू नका, दोन्ही ठेवा.

न सांगितलेलं

"मुलं किती?" असं न विचारता "बाळंतपणं किती झाली?" असं विचारा. जगलेल्या मुलांचाच आकडा सांगायची सवय असते. गेलेल्या बाळाचा विषय निघाला तर एकदाच विचारा आणि ती थांबली की तुम्हीही थांबा. पुढच्या बैठकीत बहुधा तीच तो काढते. "हे लिहू नकोस" म्हणाली तर यंत्र बंद करा आणि तो भाग छापील प्रतीत घेऊ नका. नातवंडांना हे फार जड जातं, कारण सगळ्यात रसाळ तेच असतं.

लिहिणं आणि जपणं

तासाभराचं बोलणं नीट उतरवायला पाच-सहा तास जातात. आपोआप टंकणारी साधनं वापरा, पण मालवणी "माका", "खंय" त्यांनी पुसून प्रमाण मराठी केलेलं आहे का ते ऐकून तपासा. बोली सरळ केली की आजीचं बोलणं वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीसारखं वाटायला लागतं.

फोटो चिकट अल्बममधून ओढून काढू नका; मागून बारीक दोरा सरकवत सोडवा. ६०० डीपीआयवर स्कॅन करा. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वण पुढे उमटतो. जुने कागद लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटात बुरशी ठरलेली. आतल्या भिंतीचं लोखंडी कपाट, झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर जूनआधी बदला.

पुस्तिका ए-५ आकारात, अक्षर १६ पॉइंट ठेवा म्हणजे आजीला स्वतः वाचता येईल. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत लागतात, छापखान्यात जाण्याआधी मोजून घ्या. पहिल्या खेपेला पाचच प्रती काढा. आजीची धाकटी बहीण, नणंद किंवा जाऊ हयात असेल तर एक प्रत तिला आधी पाठवा आणि सोबत पेन्सिल द्या. लग्नाच्या सालावरून दोघींचं भांडण झालं तर दोघींचं म्हणणं नावासकट छापा.