फाल्गुन-चैत्रात झुडपी जंगलात काय बघायचं, कसं बघायचं

होळीच्या आसपास झाडांची पानं झडलेली असतात आणि गवत वाळून आडवं पडलेलं असतं. त्यामुळे फांदीवरचं फूल आणि खालची हालचाल दोन्ही सहज नजरेत येतात. यासाठी ताडोबा-मेळघाट गाठायची गरज नाही. तिथे मनाला येईल तसं पायी हिंडू देतही नाहीत. गावाची पांदण, शेताचा धुरा, कोरडा नाला, भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावाची पाळ, एवढं भरपूर आहे. वनखात्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी वनरक्षकाला विचारा. परिसरात वाघ किंवा बिबट्या फिरत असल्याची खबर असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

नीट उजाडल्यावर निघा आणि दहाच्या आत परत या. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, बंद बूट, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. दुर्बीण 8x40 (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 40 मिलिमीटरची) असली तर उत्तम. ती नसली तरी चालेल, पण दहापट भिंग जरूर घ्या. भिंग हात लांब करून धरलं की सगळं पुसट दिसतं, आणि बहुतेक जण तिथेच कंटाळतात. ते डोळ्याजवळ टेकवून धरा आणि फूलच भिंगाकडे आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट होतं.

आता मुख्य काम: चालू नका, बसा. दोन तासांत पाच किलोमीटर पायपीट करणाऱ्याला जेवढं दिसत नाही तेवढं एका फुललेल्या पळसापाशी पाऊण तास बसणाऱ्याला दिसतं. सूर्य पाठीशी ठेवून, झाडापासून पंधरा-वीस पावलांवर बसा. पहिली दहा मिनिटं पाखरं तुम्हाला बुजतील, मग येऊ लागतील. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंकी, पोपट, मार्चमध्ये नशीब असेल तर पळसमैनांचा थवा, शिवाय खार आणि वानरं. नुसती नावं लिहू नका; कोण फुलाशी काय करतं ते लिहा. शिंजीर मध पितो तेव्हा परागकण त्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. पोपट मात्र कित्येकदा फूलच तोडून टाकतो.

खाली पडलेलं ताजं फूल हातात घ्या. देठाशी काळपट, मखमली पेला दिसेल. वरची रुंद पाकळी, बाजूच्या दोन, आणि पोपटाच्या चोचीसारखा वाकलेला भाग म्हणजे जुळून गेलेल्या उरलेल्या दोन पाकळ्या. हा भाग नखाने अलगद उघडा. आत दहा पुंकेसर असतात: नऊ तळाशी एकमेकांना जुळलेले, एक सुटा. वास घेऊन बघा, जवळजवळ नसतोच. रंगावर येणाऱ्या पाखरांसाठी वासाची गरज पडत नाही.

लांबून ओळखताना फसगत होते ती लाल रंगामुळे. पांगाऱ्यालाही पळसासारखी तीन-तीन पानं, पण त्याच्या फांद्यांना काटे असतात आणि फूल केशरी नसून लालभडक. काटेसावरीचं फूल मोठं, मांसल, पाच पाकळ्यांचं. ते आख्खं खाली पडतं आणि चितळ-भेकर ते खायला येतात. खडकाळ उतारावर निष्पर्ण झाडाला मोठी पिवळी फुलं दिसली तर ती गणेर. बहावा नंतर, एप्रिल-मे महिन्यांत. आणि सगळं झाडच तांबडं दिसत असेल तर जवळ जाऊन खात्री करा: कुसुमाची कोवळी पालवी लाल असते, ती फुलं नव्हेत.

मोहाखाली मात्र एकट्याने पहाटे जाऊ नये. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, ती खायला अस्वलही त्याच वेळी येतं. उन्हं वर आल्यावर, बोलत, दोघा-तिघांनी जा. गावातले लोक वेचत असतील तर त्यांच्या साफ केलेल्या जागेवर पाय देऊ नका, ती त्यांची कमाई आहे.

नऊनंतर नाल्याकडे वळा. पात्रात जिथे ओल झिरपते तिथे फुलपाखरं वाळूतले क्षार शोषायला बसतात, त्यांत नर जास्त. सावली त्यांच्यावर पडली की उडतात, म्हणून सूर्य समोर ठेवून, उकिडवं बसत पुढे सरका. काठावर, खडकाच्या आडोशाच्या भुरभुरीत मातीत दोन ते चार सेंटिमीटर रुंदीचे उलट्या शंकूसारखे खड्डे असतील तर ते मुंगीसिंह नावाच्या कीटकाच्या अळीचे. गवताच्या काडीने कडेचे दोन-तीन कण आत ढकला. तळातून अळी माती उडवते. जोरात खुपसलं तर ती दबून बसते आणि काहीच दिसत नाही. उघड्या माळावर ऊन तापलं की बोटभर सरडा दगडावर चढून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडमीट करतो. तो नर. हातभर पुढे गेलात तरी पळेल, दुर्बिणीतूनच बघा.

दगड उलटायचाच असेल तर पलीकडची कड काठीने आपल्याकडे उचला, म्हणजे विंचू वा साप असला तर तो समोरून निघून जाईल. दगड जसा होता तसा परत ठेवा.

दोन गोष्टींपासून खास जपा. वेलीवर वाळलेल्या केसाळ शेंगा दिसल्या तर ती खाजकुहिली. वाऱ्यानेसुद्धा तिची लव अंगावर येते. चोळू नका, चोळल्याने लव आत रुतते. चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा. दुसरं, उंच सावरीवर किंवा कड्यावर लोंबणारं आग्या मोहोळ. त्याच्या खाली अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरडा करत थांबू नका.

ओळख पटत नसेल तर एकाच झाडाचे सहा फोटो काढा: फूल समोरून, फूल मागून, पानाच्या दोन्ही बाजू, साल, आणि पूर्ण झाड. खाली पडलेलं पान त्याच झाडाचं आहे ना, हे आधी तपासा. सागाची पानं वाऱ्याने कुठेही येतात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना घरटं किंवा दुर्मीळ प्राणी असेल तर ठिकाण झाकून ठेवा. वाटेत धूर दिसला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ असतो, तेव्हा आपल्या खिशात काडेपेटी-बिडीही नको.