बुद्धिबळाच्या इंजिनला बेस्ट मूव्ह विचारू नका, आपल्याला काय दिसलं नाही ते विचारा

आपल्या बेळगावात गणपतीतली मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा असो नाहीतर टिळकवाडीतल्या कुणाच्या कट्ट्यावरचा डाव, गेम संपला की पोरं लगेच मोबाईल काढून स्टॉकफिश (चाली तपासणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन) लावतात, चुकांच्या लाल खुणा बघतात, "ब्लंडर झाला की रे" म्हणतात आणि पुढचा ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, चालू. अशानं काय कळणार, सांगा बघू?

असं करून बघा. गेम १५ मिनिटांचा तरी खेळा. संपल्यावर इंजिन बंद ठेवून जिथं अडकला होता त्या तीन-चार जागा काढा आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्या कुठल्या चाली मनात आल्या होत्या ते वहीत लिहा, मनात आलेलं सगळं, बावळट वाटलं तरी. मग लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर (फुकट आहे, जाहिराती पण नाहीत) अ‍ॅनालिसिस उघडा आणि इंजिनच्या लाइन्स, म्हणजे सुचवलेले पर्याय, ३ ठेवा, एकच ठेवली की आपण मान डोलावून पुढं जातो. खानापूरकडं पावसात रेंज गेली तरी अडत नाही, स्टॉकफिश असलेलं अ‍ॅप घेतलं की ते फोनवरच चालतं.

आता इंजिनची चाल तुमच्या यादीत होती का बघा. होती पण हिशोब चुकला, तर ठीक आहे, सरावानं सुधारतं. यादीतच नव्हती तर तिथं थांबा, कारण ती डोळ्यानं आधीच गाळून टाकली होती, विचार करायची वेळच आली नाही. आणि हे नवशिक्यांचंच होतं असं नाही हां. २००६ मध्ये बॉनला वर्ल्ड चॅम्पियन क्रामनिक डीप फ्रिट्झ या इंजिनशी खेळताना एका चालीतली मात बघू शकला नाही. फ्रिट्झचा वजीर एच७ या घरावर आला की खलास, आणि त्याला आधार एफ८ वरच्या घोड्याचा. एच७ वर मात होते तेव्हा घोडा आपण जी५ नाहीतर एफ६ वर बघितलेला असतो, एफ८ वर सहसा नाही, माझ्या मते तिथंच डोळा फसला.

१९७३ ला चेस आणि सायमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी (होय, आडनावच चेस) हे तपासलं होतं. खऱ्या डावातली पोझिशन काही सेकंद दाखवली तर मास्टर ती बरीचशी बरोबर मांडतो, तीच मोहरी कशीही विखुरली की तो पण नवशिक्याच्या जवळपास येतो. म्हणजे आपल्याला ओळखीचे आकार दिसतात, बाकीचं निसटतं.

म्हणून वहीत दुसरा रकाना करा आणि सुटलेल्या चालीचा प्रकार लिहा: घोडा मागं आला, उंट लांबच्या कर्णावरून परत फिरला, बळी दिल्यावर शह न देता शांत चाल, बांधलेलं प्यादं सुटलं. दहा-पंधरा गेम झाले की एकच प्रकार परत परत येताना दिसेल, माझ्या वहीत तर मागं येणारे घोडेच घोडे. मग तेवढ्याच प्रकाराची पझल्स सोडवा, सगळी नको.

इंजिनची चाल पटली नाही तर? भांडा की! तुम्हाला चांगली वाटलेली चाल बोर्डावर करून त्याच्याशीच पुढं खेळा, ते कसं मोडतं ते बघा, इंजिन कोण किती वरचढ ते दाखवतं त्या +०.३ सारख्या आकड्यापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट बहुतेक लोक ड्रॉच धरायचे, १९८३ ला केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञाच्या कॉम्प्युटरनं दाखवलं की दोन उंटवालाच सहसा जिंकतो, घोडा पडायला जास्तीत जास्त ६६ चाली लागतात. कल्पना कमी होती म्हणून नाही हो, "हे ड्रॉ" म्हणून दारच लावून घेतलं होतं.

पण इंजिनला सगळंच दिसतं असं पण धरू नका. १९९८ ला स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हनं काळ्याकडून ४७ व्या चालीला उंट एच३ वर सरळ प्याद्याच्या तोंडात दिला, आपल्या राजाला पुढं जायला वेळ मिळावा म्हणून, आणि तेव्हाच्या इंजिनांना ती चाल सापडत नव्हती. ती पोझिशन बोर्डावर लावा, मोबाईल घरातल्या कुणाकडं तरी देऊन सोडा, आणि उंट एच३ नंतर पांढऱ्यानं काय केलं तर काय होतं ते एकेक करून लिहून काढा, मगच इंजिन चालू करा.