कंपनीचे नाव मोकळे आहे का, हे अर्जापूर्वी कसे तपासावे

कंपनी काढायला निघालेल्या मराठी माणसाला नाव बहुधा देवनागरीत सुचते, पण नोंदवावे लागते रोमन अक्षरांत, आणि बहुतेक घोटाळा या दोहोंच्या मध्ये होतो. लालबागेतील दोन बहिणी मसाले आणि भाजणीच्या आपल्या घरगुती व्यवसायाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करू पाहत आहेत आणि ‘स्वाद’ या शब्दाभोवती काहीतरी नाव हवे असे त्यांच्या मनात आहे, असे समजू. मराठीत हा शब्द एकाच तऱ्हेने लिहिला जातो. रोमन अक्षरांत मात्र तो एस-डब्ल्यू-ए-डी, एस-डब्ल्यू-ए-ए-डी, एस-व्ही-ए-डी, एस-डब्ल्यू-ए-डी-एच अशा किती तरी प्रकारे लिहिलेला आढळतो. यांपैकी एकच स्पेलिंग शोधून ‘नाव मोकळे आहे’ असे ठरवणे म्हणजे एकाच खिडकीतून डोकावून घर रिकामे आहे असे सांगण्यासारखे आहे.

म्हणून संगणक उघडण्यापूर्वी वहीचे एक पान घ्यावे, त्यावर आपल्या नावाची सुचतील तेवढी स्पेलिंगे लिहून काढावीत आणि ती घरातल्या एखाद्या तटस्थ व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. कानाला जी सारखी लागतात, ती कायद्याच्याही दृष्टीने सारखीच धरली जाण्याचा संभव मोठा असतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 4 नुसार अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावाशी एकरूप किंवा फार साधर्म्य असलेले नाव घेता येत नाही, आणि साधर्म्य कशाला म्हणायचे हे 2014 च्या इन्कॉर्पोरेशन नियमांतील नियम 8 मध्ये सविस्तर दिले आहे. एकवचनाचे अनेकवचन करणे, लहान-मोठी अक्षरे किंवा विरामचिन्हे बदलणे, शब्दांची अदलाबदल करणे, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग फिरवणे, शेवटी ‘डॉट कॉम’ लावणे, मागेपुढे एखादा आकडा जोडणे यांतल्या कशानेही नाव वेगळे ठरत नाही. अंकशास्त्र जाणणाऱ्याच्या सल्ल्याने एखादा ‘ए’ वाढवून नाव ‘भाग्याचे’ करून घेण्याची आपल्याकडे हौस फार. भाग्याचे काय ते होवो, त्या वाढीव ‘ए’ला नोंदणीच्या वेळी काडीचीही किंमत नसते.

मुंबईकरांची आणखी एक आवडती युक्ती म्हणजे नावापुढे गावाचे नाव लावणे. ‘स्वाद’ आधीच घेतलेले असेल तर ‘स्वाद मुंबई’ किंवा ‘स्वाद दादर’ हे वेगळे नाव धरले जात नाही. तसेच अस्तित्वात असलेल्या नावाचे हिंदी किंवा इंग्रजीतील संपूर्ण भाषांतरही तेच नाव मानले जाते. मराठीतील कितीतरी संस्कृत शब्द हिंदीत जसेच्या तसे आहेत, तेव्हा आपल्या नावाचा इंग्रजी अर्थ काय होतो, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे आणि तोही शोधावा.

आता प्रत्यक्ष शोध. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव तपासण्याची सोय विनामूल्य आहे. तेथे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही शेपटी न लावता केवळ नावाचा मुख्य शब्द टाकावा, आणि पानावरील प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्रपणे टाकून पाहावे. कंपन्यांबरोबर एलएलपींची, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांची, नावेही पाहणे आवश्यक आहे, कारण एलएलपीचे नावही तितकेच आड येते. यादीत एखादी कंपनी ‘स्ट्राइक ऑफ’ अशी दिसली, तर ती बंद पडली म्हणजे नाव सुटले, असे समजू नये. कलम 248 खाली नोंदवहीतून काढलेल्या कंपनीचे नाव 20 वर्षे इतरांना मिळत नाही. त्या बहिणींना ‘स्वाद’ या एकट्या शब्दावर बहुधा पाणी सोडावे लागेल. आडनाव, आजीचे नाव, गावचा एखादा खास शब्द असे काहीतरी त्याला जोडावे लागेल, आणि ते जोडलेलेच नावाचा खरा भार वाहील. प्रवर्तक, म्हणजे कंपनी स्थापन करणारे, किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक सोडून दुसऱ्या कोणाचे नाव घालायचे असेल, तर त्या व्यक्तीची संमती लागते.

एमसीएच्या यादीत काही सापडले नाही म्हणून हुरळून जाऊन तेथेच थांबणारे लोक पुष्कळ असतात, आणि पुढे त्यांचीच पंचाईत होते. कंपनी नसलेल्या एखाद्या व्यापाऱ्याने तेच नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले असू शकते, किंवा नुसता अर्ज करून ठेवलेला असू शकतो. नोंदवलेला ट्रेडमार्क असो वा प्रलंबित अर्ज, मालकाच्या संमतीशिवाय ते नाव कंपनीला घेता येत नाही. ट्रेडमार्क नोंदणीचे मुंबईतील कार्यालय अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. शोधासाठी मात्र तेथे जाण्याची गरज नसून सार्वजनिक शोध संकेतस्थळावरच करता येतो. या शोधात मालाचे वर्ग महत्त्वाचे असतात, कारण एकूण 45 वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्ग वेगळा पाहावा लागतो. मसाले आणि पिठे 30 व्या वर्गात येतात, भाज्यांची लोणची 29 व्या, आणि उद्या खानावळ किंवा केटरिंग सुरू करायचे मनात असेल तर 43 वा वर्गही आजच पाहून ठेवावा. शब्दशः शोधाबरोबर ‘फोनेटिक’ हा पर्याय निवडून उच्चारावरूनही शोध घ्यावा. स्पेलिंगांच्या त्या वहीतून निसटलेली नावे येथे हाती लागतात.

काही शब्द मोकळे दिसले तरी मिळत नाहीत. ‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘कमिशन’, ‘युनियन’, ‘सेंट्रल’ अशा शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि बँक, विमा, म्युच्युअल फंड यांसारख्या शब्दांसाठी त्या त्या नियामकाची मान्यता. आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, 1950 च्या चिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत महात्मा गांधींबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचेही नाव आहे. श्रद्धेपोटी महाराजांचे नाव व्यवसायाला द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या नावाचा व्यापारी वापर केंद्र सरकारच्या परवानगीवाचून करता येत नाही.

गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आहे, जीएसटी क्रमांक आहे, म्हणजे नाव आपलेच, हा समज मुंबईच्या बाजारात फार जुना आहे. या दोन्ही कागदांनी नावावर हक्क मिळत नाही. उलट, नोंदणी नसलेला पण तेच नाव वर्षानुवर्षे वापरणारा एखादा जुना दुकानदार पुढे न्यायालयात जाऊ शकतो. तेव्हा सर्च इंजिन, नकाशा, इन्स्टाग्राम आणि वेबसाइटचे डोमेन यांवर अर्धा तास घालवावा आणि आपल्याच धंद्यातल्या दोन-चार घाऊक व्यापाऱ्यांना विचारावे.

एवढे झाल्यावर स्पाइस प्लस या कंपनी स्थापनेच्या ऑनलाइन अर्जाचा भाग ‘अ’ भरावा. नाव राखून ठेवण्याचे शुल्क 1,000 रुपये असून पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. दुसरे नाव पहिल्याचेच भावंड असू नये, कारण ज्या हरकतीने पहिले पडते तिनेच दुसरेही पडते. निर्णय मुंबईत होत नाही. तो केंद्रीय नोंदणी केंद्रात होतो. त्रुटी काढून अर्ज परत आला, तर दुरुस्तीसाठी 15 दिवस मिळतात.

मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवले जाते, त्याच मुदतीत पत्त्याच्या कागदांसह स्थापनेचा पुढचा अर्ज भरावा लागतो, आणि मुंबईत हे दिवस कसे उडून जातात ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या एका मामेभावाच्या कंपनीचे नाव पहिल्याच फेरीत मंजूर झाले, पण भाड्याच्या गाळ्याचे संमतिपत्र देणारा मालक गावी गेलेला आणि हाती असलेले बेस्टचे वीजबिल दोन महिन्यांहून जुने. विसाव्या दिवशी तो मालकाला फोनच लावत बसला होता. मुदत संपण्यापूर्वी 1,000 रुपये भरून ती एकूण 40 दिवसांपर्यंत, किंवा 3,000 रुपये भरून थेट 60 दिवसांपर्यंत वाढवता येते, हे त्याला एकविसाव्या दिवशी कळले. पत्त्याचे कागद नावाच्या अर्जाआधीच जमवून ठेवावेत.

एकदा मिळालेले नाव पुढेही सुटू शकते. कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कलम 16 खाली तक्रार करू शकतो, आणि नाव बदलण्याचा आदेश तीन महिन्यांत पाळला नाही, तर कंपनीला ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरे, वर्ष आणि क्रमांक जोडून बनवलेले नाव आपोआप चिकटते. असे नाव मसाल्याच्या पाकिटावर कसे दिसेल, याची कल्पना करून पाहावी.

नाव हाती आले की पाटीचा प्रश्न येतो. कंपनीने नोंदणीकृत कार्यालयाबाहेर नाव स्थानिक भाषेच्या लिपीतही लावणे कलम 12 नुसार आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांना देवनागरी पाटी सक्तीची असून तिची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे रोमन अक्षरांत नोंदवलेले नाव पुन्हा देवनागरीत यायचेच. त्यातला ‘श’ की ‘ष’, ‘रुची’ की ‘रुचि’, हे त्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे आणि पाटी रंगवणाऱ्याच्या हाती तेच पान द्यावे.