गिलावा फोडण्याआधी हे करून बघा

टीव्हीवरचं चित्र मधेच जातं, पांढरे ठिपके चमकतात, आणि सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीला चित्र-आवाज नेणारी एचडीएमआय केबल तर भिंतीत. जळगावला भावाच्या घरी ऐन मे महिन्यात आम्ही छिन्नी-हातोडा काढलाच होता. बरं झालं, वहिनींनी थांबवलं.

आधी दुसरी चांगली एचडीएमआय केबल फरशीवरून उघडीच टाकून बॉक्स थेट टीव्हीला जोडा. चित्र स्वच्छ आलं, तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही ठीक. मग भिंतीतली केबल परत लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४के (जास्त बारकाव्याचं चित्र) ऐवजी १०८०पी (त्याहून कमी बारकाव्याचं, फुल एचडी) निवडा. आमचं चित्र तिथेच स्थिर झालं! ४के चित्र ६० फ्रेम्सने दाखवायला सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट लागतात, १०८०पी ला त्याच्या पाव. दहा मीटरची साधी केबल नेमकी ४के ला दम टाकते. भिंत न फोडता काम भागवायचं असेल, तर १०८०पी वरच ठेवा.

१०८०पी वरही चित्र गेलं, तर टीव्हीमागे प्लगजवळ केबल काटकोनात दुमडली आहे का, ते बघा. बहुतेकदा दुखणं तिथेच असतं.

केबल बदलायचीच असेल आणि ती पाइपातून गेली असेल, तर जुनीला नायलॉनची दोरी बांधून ओढा. दोरी आत राहील, तिनेच नवी ओढता येईल. पण पाऊण इंची पाइपाच्या एल्बोत (वळणाच्या जोडात) एचडीएमआयचा प्लग अडकतो, जोर लावू नका. ऑप्टिकल (प्रकाशातून सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल घेतली, तर तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक बॉक्सकडे. आत घालण्याआधी फरशीवर चालवून बघाच.