टेबलावरचं कारंजं: दगड, बांबू आणि पाण्याचा आवाज

टेबलावर ठेवायचं कारंजं करायला घेतलं की बहुतेकांचं सगळं लक्ष दगडांच्या मांडणीवर जातं. मांडणी तासाभरात जमते. खरा वेळ खातो तो आवाज. दिसायला देखणं, पण गळक्या नळासारखं टपटपणारं कारंजं फार दिवस चालू राहत नाही. कुणीतरी वैतागून प्लग काढतं आणि मग त्या भांड्यात किल्ल्या नि सुटी नाणी जमायला लागतात. म्हणून इथला क्रम जरा उलटा वाटेल. आधी सगळं सुटं रचायचं, पाणी सोडायचं, ऐकायचं, दगड हलवायचे. चिकटवाचिकटवी अगदी शेवटी.

भांडं आणि दगड

भांडं पसरट घ्या. साधारण ३० ते ३५ सेंमी रुंद, १० ते १२ सेंमी खोल आणि तीन-चार लिटर पाणी मावेल एवढं. पाणी जितक्या उंचीवरून पडणार, निदान तितकं अंतर पडण्याच्या जागेपासून काठापर्यंत सुटायला हवं, नाहीतर शिंतोडे टेबलावर येतात. चकाकी दिलेलं चिनी मातीचं किंवा दगडी भांडं उत्तम. साध्या भाजक्या मातीचं भांडं दिसायला छान, पण ते पाझरतं आणि लाकडी टेबलावर ओला गोल डाग उमटवतं. तेच हवं असेल तर आतून पाणीरोधक लेप द्या आणि खाली थाळी ठेवा. भरल्यावरचं वजनही धरून चला. चार लिटर पाण्याचेच चार किलो होतात, दगड वेगळे.

दगड दोन प्रकारचे लागतील: रचण्यासाठी तीन-चार चपटे आणि तळाशी पसरायला गुळगुळीत गोटे. काळा पाषाण, स्लेट, ग्रॅनाइट हे बिनतक्रार चालतात. वाळूच्या दगडावर अंगठा घासून बघा. कण सुटत असतील तर तो बाजूला ठेवा, कारण तेच कण पंपात जाऊन आतलं फिरतं चाक झिजवतात. दुसरी परीक्षा व्हिनेगरची. दगडावर दोन-चार थेंब टाका आणि अगदी जवळून पाहा. बारीक फेस आला तर तो चुनखडी किंवा संगमरवर आहे. शंख-शिंपल्यांवरही असाच फेस येईल. वापरायला बंदी नाही, पण असे दगड पाण्यात हळूहळू चुना सोडतात, आणि पुढे पांढरे डाग काढायला आम्ल वापराल तेव्हा डागासोबत दगडही खरवडला जाईल.

सगळे दगड ब्रश आणि गरम पाण्याने घासा. साबण नको, त्याचं कारण पुढे येईलच. निर्जंतुक करायच्या नादात दगड उकळू किंवा भाजू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. पाण्यात वाहून आलेल्या लाकडाचा तुकडा वापरायचा असेल तर तो आधी बादलीत भिजत ठेवा आणि पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहा.

पंप

सगळं नैसर्गिक असलं तरी एक वस्तू विकतची लागणारच: पाण्यात बुडवून ठेवायचा छोटा पंप. तीन ते पाच वॅटचा पुरतो. खोक्यावर दोन आकडे असतात, तासाला किती लिटर आणि कमाल उंची किती. फसगत होते ती दुसऱ्या आकड्यात. कमाल उंची म्हणजे जिथे पाणी पोचतं, पण वाहत नाही; तिथे प्रवाह शून्य असतो. तुम्हाला पाणी २५ सेंमी वर न्यायचं असेल तर ६० ते ७० सेंमी उंचीचा पंप घ्या. तासाला २०० ते ३०० लिटर म्हणजे अशा कारंज्याला भरपूर. प्रवाह कमी-जास्त करायची सरकपट्टी पंपावर आहे का, एवढं मात्र नक्की बघा, कारण आवाज जुळवताना सगळी मदार तिच्यावर आहे. नळी पंपाच्या तोंडाला घट्ट बसेल अशी, पारदर्शक आणि लवचिक हवी.

मला विचाराल तर ॲडॉप्टरवर चालणारा १२ व्होल्टचा पंप घ्यावा. पाणी आणि घरातली वीज इतक्या जवळ आणायची तर व्होल्टेज कमी असलेलं बरं. थेट घरगुती विजेवरचा पंप असेल तर त्या सर्किटला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर असू द्या. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब त्या झोळातून खाली पडेल, सॉकेटात शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, दरवेळी.

पंप कोरडा चालवून बघू नका. आतला दांडा पाण्यानेच थंड राहतो आणि पाण्यावरच फिरतो. चाचणी घ्यायची ती बादलीत, पूर्ण बुडवून.

दगडाला भोक, किंवा बांबूची तोटी

पाणी वर आणायचे दोन मार्ग आहेत. वरच्या चपट्या दगडाला भोक पाडून नळी त्यातून काढायची, किंवा नळी मागून नेऊन बांबूच्या तोटीत सोडायची. पहिल्यात पाणी दगडावर पसरत जातं, दुसऱ्यात धार पडते.

भोकासाठी हिऱ्याची धार असलेलं, नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकं पोकळ बिट लागतं. ड्रिल मशीनचा हातोडा बंद ठेवा आणि वेग कमी. दगडाखाली लाकडी फळी ठेवा. भोकाच्या जागेभोवती चिकणमातीचं किंवा मळलेल्या कणकेचं कडं करून आत पाणी भरा. बिट थंड राहतं आणि दगडाची धूळ उडत नाही. ही धूळ फुप्फुसांना वाईट असते, म्हणून कोरडं भोक पाडायचंच नाही. सुरुवातीला बिट थोडं तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा, नाहीतर ते गुळगुळीत दगडावरून सटकतं. दाब देऊ नका, मशीनचं वजन पुरे. दर काही सेकंदांनी बिट उचलून पाणी आत जाऊ द्या. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उरले की आणखी हळू, कारण स्लेटसारख्या दगडाचे खालून पापुद्रे निघतात. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि मशीनची वायर त्या पाण्यापासून लांब.

बांबूचं काम सोपं. पूर्ण वाळलेला, अंगठ्यापेक्षा थोडा जाड तुकडा घ्या. बारीक दाताच्या करवतीने कापा आणि कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कड चिरफाळत नाही. मधल्या गाठी लोखंडी गजाने ठोकून मोकळ्या करा. तोंड तिरकं कापलं की धार नीट सुटते. नळी बांबूच्या आतून थेट तोंडापर्यंत न्या; बांबूच्याच पोकळीतून पाणी सोडलं तर तो लवकर चिरतो आणि कुजतो. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.

सुटी रचणी

पंप भांड्याच्या मध्यावर, थोडा मागच्या बाजूला ठेवा. त्यावर लहान मातीची कुंडी उपडी घाला. कुंडीच्या काठाला कानशीने दोन-तीन खाचा करा: एक वायरसाठी, बाकीच्या पाणी आत येण्यासाठी. तळाच्या भोकातून नळी वर काढा. आता दगडांचं वजन कुंडीवर येतं, पंपावर नाही, आणि पंप काढायचा झाला तर सगळं मोडावं लागत नाही. खाचांना प्लास्टिकची जाळी लावली तर कचरा बाहेर राहतो.

कुंडीभोवती मोठे गोटे, त्यावर लहान गोटे. चपटे दगड सर्वांत मोठा खाली अशा क्रमाने ठेवा, प्रत्येक जण पुढे थोडासा कललेला. खाली पाचर म्हणून पातळ खडे सारता येतात. नळी कुठेही मुडपलेली नाही ना, हे बघा. भांडं काठाखाली तीन सेंमीपर्यंत भरा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि पंप सुरू करा.

आता ऐका

पाण्याचा आवाज पाणी पाण्यावर आपटल्याचा आहे, असं आपण धरून चालतो. खरं तर तो बहुतांशी हवेच्या बुडबुड्यांचा असतो. पडणारं पाणी स्वतःबरोबर हवा खाली ओढतं, तिचे बुडबुडे होतात आणि ते आकुंचन-प्रसरण पावत कंप पावतात. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली याचं गणित मांडलं. बुडबुडा जितका लहान तितका सूर चढा. ३ मिमी त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण १,१०० वेळा कंप पावतो, १ मिमीचा जवळजवळ ३,३०० वेळा. २०१८ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी ठिबकणाऱ्या थेंबाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हाही आवाजाचा उगम अडकलेला बुडबुडाच निघाला, आणि पाण्यात भांडी घासायचा साबण मिसळताच तो आवाज बंद झाला. दगडांना साबण नको म्हटलं ते यासाठी. साबणाचा अंश राहिला तर फेस येतोच, आणि आवाजही मरतो.

म्हणजे तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: पाणी किती उंचीवरून पडतं, किती जाड धारेने पडतं आणि कशावर पडतं. पाणी ओल्या दगडावरून सरकत गेलं तर जवळजवळ निःशब्द. गोट्यांच्या फटीत, पाणी एक-दोन सेंमी खोल असेल तिथे पडलं तर बारीक, चढी झुळझुळ. पाच-सहा सेंमी खोल मोकळ्या पाण्यात जाड धार पडली तर खालच्या सुराची बुडबुड, जी छोट्या खोलीत लवकरच नको होते. थेट कोरड्या दगडावर पडलं तर चटचट, आणि शिंतोडेही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्रवाह सर्वांत कमी करून ऐका, मग वाढवत न्या. मग पडण्याच्या जागी एक चपटा गोटा पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली सरकवा. नुसत्या या एका गोट्याने आवाज पार बदलतो. अर्धी करवंटी उताणी ठेवून तिच्यातून पाणी ओसंडू दिलं तर सूर आणखी गोल होतो. वेगवेगळ्या उंचीवरून पडणाऱ्या दोन-तीन धारा एका मोठ्या धारेपेक्षा कानाला गोड लागतात, कारण त्यातून एकच एक ठेका तयार होत नाही. तुम्ही जिथे बसणार तिथूनच ऐका. भांड्यावर वाकून ऐकलेला आवाज आणि चार हातांवरचा आवाज यात फार फरक पडतो.

हमखास येणारी अडचण अशी: पाणी कडेवरून सुटून पडायच्या ऐवजी दगडाच्या पोटाला चिकटून मागे ओघळतं आणि धार नाहीशी होते. दगड आणखी पुढे झुकवा. नाहीच जमलं तर कडेच्या खालच्या अंगाला, एक सेंमी आत, कानशीने आडवी खाच पाडा. खिडकीवरच्या छज्ज्याखाली खाच असते ती याच कामासाठी.

आणि पंपाची घरघर? पंप भांड्याच्या भिंतीला टेकला असेल तर तो सोडवा, खाली स्पंजचा पातळ तुकडा घाला, भांड्याखाली नमदा द्या. गुरगुर येत असेल तर पाणी कमी आहे आणि पंप हवा ओढतोय.

दोन-तीन तास चालू ठेवून वर्तमानपत्र तपासा. जिथे ओले ठिपके दिसतील त्या बाजूचा गोटा हलवा. ठिपके नसून कागद सलग ओला झाला असेल तर पाणी वायरवरून ओघळतंय किंवा भांडं पाझरतंय.

मग चिकटवा

आवाज मनासारखा झाला की मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. सगळं उतरवा, दगड पूर्ण वाळवा; ओल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारं, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन घ्या आणि फक्त चपटे दगड एकमेकांना, मागच्या बाजूने, ठिपक्या-ठिपक्यांनी जोडा. नळी भोकात बसते तिथे मात्र पूर्ण कडं द्या, नाहीतर पाणी तिथूनच खाली पळतं. कुंडी आणि गोटे सुटेच राहू देत. किमान २४ तास हात लावू नका. थर जाड असेल तर आणखी एक दिवस.

रोजचं

पाणी जड असेल तर महिन्याभरात दगडांवर पांढरी साय धरते. पावसाचं किंवा शुद्ध केलेलं मऊ पाणी वापरलं तर हा त्रास बराच कमी. साय काढायला सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं, वर सांगितलेल्या फेस येणाऱ्या दगडांना सोडून. थेट ऊन लागलं की शेवाळ आलंच, जागा बदला. पाणी रोज थोडं उडून जातं, म्हणून पंप बुडलेला आहे ना यावर नजर ठेवा.

पाणी आठवड्याला पूर्ण बदला आणि भांड्याची आतली बाजू घासा. नुसतं ओतून देऊन भागत नाही: एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच उबतात. अस्वच्छ, कोमट कारंज्याच्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतूही पसरू शकतो. घरात फुप्फुसांचा आजार असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर कारंजं त्यांच्या उशाशी नको.

काही दिवस बंद ठेवायचं असेल तर पाणी पूर्ण काढा, पंप उघडून चाक पुसा, गोटे उन्हात वाळवा. पुन्हा सुरू करताना पंप पाण्याखाली दोन-तीनदा उलटसुलट हलवून आतली हवा बाहेर काढा, मगच प्लग लावा.