फोंडा-पणजी बसचा वेळ आणि तिरकं नॉर्मल वितरण

फोंड्याहून पणजीला बसने लागणारे वेळ मांडून बघा, नॉर्मल वितरणाची सममित घंटा मिळत नाही. डावी बाजू कड्यासारखी तुटलेली, कारण रस्ता मोकळा असला तरी बस उडत नाही. उजवीकडे मात्र बाणस्तारी, जुनं गोवं करत शेपूट लांबते. तरी आमची पोरं सरसकट नॉर्मल बसवून मोकळी!

त्याऐवजी संख्याशास्त्रज्ञ आझालिनी यांनी १९८५ साली मांडलेलं तिरकं नॉर्मल वितरण घ्या. त्यात तीन आकडे: स्थान (वक्र कुठे बसतो), पसारा (किती रुंद) आणि अल्फा (किती तिरका). आधी वेळेतून स्थान वजा करा, पसाऱ्याने भागा; आलेला आकडा झेड. आता झेडची प्रमाण नॉर्मल घनता (घंटेची तिथली उंची), गुणिले 'अल्फा गुणिले झेड'पर्यंतची संचयी संभाव्यता (त्याच घंटेखालचं तिथवरचं क्षेत्रफळ), गुणिले २, आणि शेवटी पसाऱ्याने भागा; ही झाली त्या वेळेची घनता. अल्फा शून्य ठेवला की आपलं जुनं नॉर्मल परत. धन असेल तर शेपूट उजवीकडे, ऋण असेल तर डावीकडे.

समजा स्थान ३५ मिनिटं, पसारा १५, अल्फा ४. सरासरी मात्र ३५ नाही, जवळपास ४६.६ येते. स्थान म्हणजे सरासरी नव्हे, हे वहीत ठळक लिहा.

संगणकावर हे बसवायला पायथनमध्ये सायपायचं स्क्यूनॉर्म, आर भाषेत एसएन पॅकेज. विदा (डेटा) थोडी असेल तर अल्फा कधीकधी अनंताकडे पळतो; अशा उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय या वितरणाची विषमता (तिरकेपणाचं माप) ०.९९५ च्या पुढे जातच नाही. तुमची विषमता त्याहून मोठी निघाली तर लॉग-नॉर्मल किंवा तिरकं टी-वितरण बघा. पावसाळ्यातल्या रोजच्या पावसाला तर हे लावूच नका, तिथे कोरड्या दिवसांची शून्यं वेगळी हाताळावी लागतात.